शिकलेला गाल

"आधी गालाला लावा, मग रेझिन लावा," हे चनबसाप्पाचं रोजचं वाक्य. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या प्लायवूडच्या कारखान्यात तो बावीस वर्षं ड्रायरपाशी उभा आहे. सोललेल्या लाकडाचा पातळ पत्रा वाळून बाहेर आला की तो उचलायचा, डाव्या गालाला टेकवायचा आणि डोळे मिटायचा. उन्हं कलल्यावर शिवार निवांत होतं, तसा त्याचा चेहरा व्हायचा. मग निवाडा द्यायचा. ओल मोजायचं मीटर होतं, पण दोनदा पडल्यापासून ते लाकडाला आणि टेबलाला एकच आकडा दाखवी.

या कामापायी चनबसाप्पा डावा गाल रोज तुळतुळीत करी. उजव्याची पाळी आठवड्यातून एकदा. ही विद्या कुठली, असं विचारलं की म्हणे, "जन्मजात हाय."

जोड सुटू लागले की उदयसिंह मॅनेजरांचा मात्र पत्रे चिकटवायचं रेझिन वाढवण्यावर भर.

"सायेब, तुमी पत्रा लई कडक वाळवायला लावतायसा," चनबसाप्पा म्हणाला. "तहानलेलं लाकूड रेझिन पिऊन टाकतंय, जोडाला काय उरणार? जरा आधी काढू. धा बादल्यांचं काम आठात करून दावतो."

"आणि ओला राहून प्रेसमध्ये फुगला तर?"

"त्येवढं कळायलाच गाल हाय की."

"जोड सुटला तर?"

"तर मला ड्रायरवरनं काढा आणि गेटवर बसवा."

उदयसिंहांनी लगेच चाचणीची तारीख ठरवली.

त्या सकाळी चनबसाप्पाची दाढ सुजली. डावा गाल भाकरीसारखा टम्म फुगला. त्याला गार-गरम काही कळेना. त्यानं घाईघाईनं उजवा गाल तासला, पत्रा टेकवला, बराच वेळ डोळे मिटून उभा राहिला.

"काय म्हणतोय, आण्णा?" पत्र्यांचे थर लावणाऱ्या स्वप्नालीनं विचारलं.

"काय न्हाय. ह्यो गाल अडाणी हाय."

उदयसिंहांनी घड्याळ बघितलं. चनबसाप्पानं कोपऱ्यात जाऊन हळू आवाजात फोन केला. अर्ध्या तासात त्याची बायको रुद्राणी रिक्षातून उतरली, कोपरापर्यंत उडदाचं पीठ. हात धुऊन तिनं पत्रा उचलला, गालाला टेकवला.

"ह्यो ऱ्हाऊ दे. ह्यो परत आत घाला. ह्यो तर करपायला आलाय."

"काकू, तुमाला कसं ओ कळतंय?" स्वप्नाली म्हणाली.

"पापड डब्यात भरायच्या आधी असंच बघतोय की आमी. ह्यास्नी मीच शिकीवलं. लगीन झालं तवा ह्यास्नी ओला पापडबी वळखू येत नव्हता."

चनबसाप्पा छताचे पत्रे मोजू लागला.

दुपारपर्यंत आठ बादल्यांत काम उरकलं. दुसऱ्या दिवशी जोड तपासायला त्या प्लायवूडचे तुकडे आठ तास पाण्यात उकळले. नवरा कुठं बसणार ते बघायला रुद्राणीही आली. उदयसिंहांनी स्वतः पटाशी घातली, दात-ओठ खाऊन जोर लावला. लाकूड फाटलं, पण जोड सुटला नाही. दुसरा तुकडा, तिसरा तुकडा. तेच.

"उद्यापासनं आठच बादल्या," ते घाम पुसत म्हणाले. "वहिनी, ड्रायरवर येताय का?"

"माझ्या पापडाच्या आर्डरी कोण करणार? ह्यास्नीच ठेवा. फकस्त ती दाढ काढून येऊ द्या."

चनबसाप्पानं ड्रायरवर एकदा हात ठेवला, दुसऱ्या हातानं गाल सावरला आणि शाहूपुरीतल्या दातांच्या डॉक्टरकडं जायला निघाला. रुद्राणी पुढं, तिची पिशवी घेऊन तो दोन पावलं मागं. थर लावणाऱ्या बाया दारात येऊन, तोंडाला पदर लावून, दोघं वळणाआड होईपर्यंत बघत राहिल्या.