छापखान्यातलं गाऱ्हाणं

विशू गेल्याची बातमी मला विशूच्याच नंबरवरून आली. त्या सकाळी आमच्या छापखान्यातला कॉम्प्युटर सुरू होता होताच अडकून बसला होता. निळा पडदा आणि त्यावर गरगर फिरणारं वर्तुळ, बाकी काही नाही. आदल्या दिवशी तो रडतरखडत चालत होता तेव्हाच मी विशूला फोन केला होता, आणि 'उद्या येतंय गो' असं तो म्हणाला होता. दुपार झाली तरी स्वारीचा पत्ता नाही. फोनवर त्याचं नाव दिसलं मात्र, मी तोंड सोडलं, "खंय मेललंस रे सकाळपासून?" पलीकडून त्याच्या बायकोचा, सुनीताचा आवाज आला, "ताई, हे गेले. सकाळी चहा घेता घेता..." पुढचं मला ऐकूच आलं नाही. मायेच्या माणसाला उशीर झाला की आपल्याकडे 'कुठे मेला होतास' असंच विचारतात, जिभेला काय, हाड नसतं. पण ते वाक्य आता जन्मभर मला कोणाला म्हणता यायचं नाही.

विश्राम माझा मामेभाऊ, हरमलचा. आम्ही एका वयाचे, सुट्टीत आजोळी एकमेकांच्या झिंज्या उपटत वाढलेले. मी लग्न होऊन डिचोलीला आले ती छापखान्याच्या घरात, आणि नवऱ्यामागे तो छापखाना माझ्याच गळ्यात पडला. लग्नपत्रिका, जत्रेची हँडबिलं, देवळापुढच्या नाटकांच्या जाहिराती, बाराव्याची कार्डं, असं आमचं काम. कागद, शाई, गिऱ्हाईक यातलं मला सगळं कळतं. कॉम्प्युटरपुढे मात्र माझी दातखीळ बसायची. विशू तेव्हा पाळी गावच्या खाणीवर होता, वजनकाट्याचा कॉम्प्युटर सांभाळायचा. खाण बंद पडली तशी त्यानं स्कूटर काढली, आणि हरमलपासून डिचोलीपर्यंत ज्याचं मशीन आजारी त्याच्या दारात हा हजर. मोरजीला खोल्या भाड्यानं देणारे, पंचायतीतले कारकून, शाळामास्तर, सगळ्यांचा तो विशू. माझ्याकडे तर हक्कानंच यायचा, आणि येताना पोदेराच्या भट्टीतले गरम उंडे पाव घेऊन यायचा.

त्याची कामाची तऱ्हा मात्र जगावेगळी. त्यांच्या वाड्यावरच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या मामांचा, त्यांच्यामागे विशूचा. सगळ्यांच्या वतीनं देवापुढे मोकळं बोलायचं, कोणाची चूकभूल झाली असेल तर पदरात घे म्हणायचं, आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' अशी साथ द्यायची. हा पठ्ठ्या तेच गाऱ्हाणं माझ्या छापखान्यात घालायचा! एकदा आमचा कॉम्प्युटर घडीघडी आपसूक बंद पडायला लागला. मी विचारून विचारून दमले. मजकूर जुळवणारी संध्या म्हणे मी काही केलं नाही, छपाईच्या मशीनवरचे गोपाळकाका म्हणे आपण त्याच्या वाऱ्यालाही उभे राहत नाही. विशू आला, स्क्रू ठेवायला हेल्मेट मेजावर उलटं केलं, आम्हा तिघांना ओळीत उभं केलं आणि हात जोडून खड्या आवाजात सुरू झाला.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या छापखान्यातल्या मशीनीची तब्येत बिघडली हा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"कोणी मशीन चालू असताना लायटीचो बटण बंद केलो असात म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गोपाळकाका सवयीनं मोठ्यानं बोलून गेले आणि मग जीभ चावली.

"कोणी नाटकाची गाणी उतरून घेवक भायरचो पेनड्राइव्ह लायलो असात म्हाराजा!"

या खेपेला एकट्या संध्याचा बारीक आवाज आला, "व्हय म्हाराजा."

हसून हसून आमची मुरकुंडी वळली. पण रोग सापडला होता. गाण्यांबरोबर आलेली पीडा विशूनं शांतपणे काढली, संध्याला एक शब्द बोलला नाही. मी म्हटलं, हे काय रे सोंग? तर म्हणतो, "गो बाय, विचारल्यार सगळी 'मी नाय, मी नाय' करतत. गाऱ्हाण्यात कोण खोटा बोलणा नाय. आणि एकदा बोललो की ती चूक एकट्याची ऱ्हवणा नाय, सगळ्यांची जाता." नात्यागोत्यातली किती भांडणं मी पुढे याच रीतीनं मिटवली, हे विशूला सांगायचं राहूनच गेलं. सांगितलं असतं तर शेफारला असता म्हणा.

कॉम्प्युटरात नवीन काही घालायचं तर त्याची तयारी सोवळ्यातल्या स्वयंपाकासारखी. पडद्यावर येईल ते न वाचता 'नेक्स्ट, नेक्स्ट' दाबत सुटणाऱ्यांचा त्याला मनस्वी राग. "चेडू बघूक न जाता लगीन ठरयतत हे!" म्हणायचा. स्वतः ओळन्ओळ वाचायचा, ओठ हलवत, आणि तोवर आमचे उंडे संपून दुसरा चहा व्हायचा. आधी सगळ्या कामांची प्रत एका ड्राइव्हवर काढायची, तो ड्राइव्ह बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचा, मगच पुढचं बटण. मी चिडायचे, "अरे, यांचं लग्न लागून पोरं होतील, पत्रिका केव्हा छापायच्या?" पण तो आपला पुढची ओळ वाचायचा. खरी नाजूक जागा म्हणजे आमचे जुने मराठी फॉन्ट. ते नसले की वर्षानुवर्षांच्या मजकुराच्या जागी पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि आकड्यांचा नुसता चिवडा दिसतो. म्हणून फॉन्ट बसवले की विशू चाचणीची एक फाइल उघडायचा. तिच्यात त्यानं एकच ओळ टाइप करून ठेवली होती, 'व्हय म्हाराजा'. "ही जोडाक्षरां नीट इली की समजाचा, बाकीचा सगळा येतला," असं त्याचं शास्त्र. ते कधी चुकलेलं मी पाहिलं नाही.

जुनं मशीन थकत चाललं होतं. नवीन विशूनंच निवडून आणलं, पण खोकं काही उघडू दिलं नाही. "चवथ जावंदे, मगे घालूया. पण ह्या खेपेक तू बसतलंस. मी बांकार बसान बघतलंय." मी म्हटलं, "सात जन्मांत मला जमायचं नाही. आणि तू आहेस ना?" त्यावर तो म्हणाला, "मी आसंय गो... पण छापखानो तुझो." मी ते हसण्यावारी नेलं. चवथ झाली, गणपती गेले, आणि मागोमाग विशू गेला. ज्या माणसाला दुसऱ्याचं मशीन बंद पडलेलं बघवत नसे, त्याच्या छातीनं त्याला चहा संपवण्याइतकीही सवड दिली नाही. याचा मला देवावर राग आहे, आणि तो मी लपवत नाही.

जुनं मशीन त्या दिवसापासून उठलंच नाही. मी त्याच्यावर कापड टाकलं. विशूच्या बाराव्याचं कार्डसुद्धा मी बाहेरून छापून आणलं, आणि ते मला फार लागलं. दीर घरी येऊन सांगून गेले, छापखान्याचा गाळा भाड्यानं द्या, मोबाइलवाला तयार आहे. खोटं कशाला बोलू, मी मनातून हो म्हणून टाकलं होतं. संध्याला आणि गोपाळकाकांना मात्र त्यातलं अक्षर बोलले नव्हते. कोणत्या तोंडानं बोलणार? तेवढ्यात पेडण्याच्या एका देवळाचं काम आलं, जत्रेतल्या नाटकाचं हँडबिल, सासऱ्यांच्या वेळेपासूनचं गिऱ्हाईक. मी ते म्हापशाच्या ओळखीच्या प्रेसला द्यायला निघाले, तर संध्या दारात आडवी उभी. "बाई, आज काम धाडलात, फाल्या छापखानो धाडतलात." मी पिशवी खाली ठेवली.

खोकं उघडलं. गोपाळकाकांनी वायरी जोडल्या. मी खुर्चीत बसले खरी, पण माउसला हात लावायचं धाडस होईना. समोर खिडकीखाली विशूचं ते बसायचं बांक रिकामं. संध्या हळूच म्हणाली, "बाई, गाऱ्हाणा?" आमच्यात बायका गाऱ्हाणं घालत नाहीत. पण स्वतःच्या छापखान्यात मला कोण अडवणार? मी हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! विशू गेल्यापासून ह्या छापखान्याची मालकीण भियान बसली हा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तिना हो गाळो भाड्याक देवचो ठरयल्यान म्हाराजा!"

गोपाळकाकांनी माझ्याकडे पाहिलं, मग सावकाश म्हणाले, "व्हय म्हाराजा." त्यांच्यामागून संध्याही म्हणाली. कोणी मला दोष दिला नाही. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला आणि मी माउस हातात घेतला.

मग मी ओळन्ओळ वाचत गेले. ओठ हलवत. कळलं नाही तिथे थांबले, संध्याला विचारलं, पुन्हा वाचलं. सगळं आत बसल्यावर डब्यातला ड्राइव्ह लावला आणि सगळ्यांत आधी विशूची चाचणीची फाइल उघडली. नुसता चिवडा! संध्याचा चेहरा पडला. "थांब गो, फॉन्ट कुठे घातलेत अजून?" मी म्हटलं, आणि माझं मलाच नवल वाटलं. ड्राइव्हवरचा एकेक फॉन्ट घातला, फाइल बंद केली. ती पुन्हा उघडायच्या आधी बांकाकडे बघून मी शेवटचं विचारलं, "छापखानो चलतलो मरे, विशू?"

फाइल उघडली. जोडाक्षरं नीट आली होती.

व्हय म्हाराजा.