पायाखालचा मंगळ

कोजागरीला चारकोपच्या आमच्या गच्चीवर मी सगळ्या सोसायटीला क्रेनचा दिवा मंगळ म्हणून दाखवला.

दरवर्षी माझ्याकडे दोन कामं असतात. उजव्या हाताने मसाला दूध ढवळायचं आणि डाव्या हातात आकाशदर्शनाचं जुनं पुस्तक धरून लोकांना शहाणं करायचं. दूध तळमजल्यावरच्या मालवणी काकींचं, आकाश माझं. "हात थांबलो की लागतलां हां," एवढी ताकीद देऊन काकी खुर्चीत बसतात.

पुस्तकात लिहिलंय, मंगळ तांबूस असतो आणि लुकलुकत नाही. समोरच्या रिडेव्हलपमेंटवर तांबडा ठिपका, जराही न लुकलुकणारा. आणखी काय पाहिजे? मी पळीनेच दाखवला. दोघातिघांनी हातबित जोडले.

बायकोने ग्रहतारे ओळखणारं ॲप उघडून मोबाइल त्या ठिपक्याकडे धरला. "अरे, तिथे काहीच नाहीये."

"त्या डबड्याला काय कळतंय? पुस्तकात चक्क..."

तेवढ्यात मंगळ सावकाश डावीकडे वळला आणि सळ्यांची मोळी घेऊन खाली उतरायला लागला.

गच्ची हसून लोळली. इतक्या वर्षांचा मान एका क्रेनने उचलून नेला. "मग खरा कुठेय तो? दाखव ना!" मी चिडलो.

"तुझ्या पायाखाली," असं म्हणत तिने मोबाइल माझ्या हातात कोंबला.

घुश्शातच खाली धरला, आणि पडद्यावर फरशी गेली! खालचे सात मजले, पार्किंग, चारकोप, सगळं गायब. तिथे आकाश, ताऱ्यांनी खच्चून भरलेलं. पश्चिमेला मढच्या समुद्रापलीकडे मघाशी बुडालेला सूर्य अजून खाली खाली चाललेला, आणि त्याच्यापुढे, माझ्या चपलेला लागून, मंगळ. पृथ्वी गोल आहे हे शाळेत पाठ केलं होतं. तिच्यावर उभा मात्र त्या दिवशी पहिल्यांदा राहिलो. पुस्तकाने दिलेलं डोक्यावरचं अर्धं आकाश मी आजवर अख्खं समजत होतो. पाऊल टाकायचीसुद्धा भीती वाटायला लागली. पुस्तक कठड्यावर ठेवलं, पळी कुठे ठेवली आठवत नाही, आणि मी वाकून, तोंड उघडं टाकून, आपल्याच पायांखाली बघत राहिलो.

मग वास आला.

काकींनी पातेल्यात डोकावून माझ्याकडे पाहिलं. "मेल्या, पुस्तक होतां तेव्हा नुसतो मंगळ चुकायचो. आता दूधपण करपलां!"