हॅलो दिल्ली, बॉम्बे बोलतेय

आमच्या घरात कुठलीही बातमी आधी वहिनीला कळायची आणि मग जगाला. तिची स्वतःची बातमी मात्र दुसऱ्या कुणाला तरी सांगावी लागली. दीड महिन्यापूर्वी भल्या सकाळी मंदारचा, माझ्या भाच्याचा, फोन आला. "आत्या, आई गेली गं... झोपेतच." बोरिवलीहून घाटकोपरला जाताना वाटेत मला एकच वेडगळ विचार छळत होता. हा फोन वहिनीने जोडून दिला असता तर जास्त स्पष्ट ऐकू आलं असतं.

शैलावहिनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर होती. आजच्या मुलांना ट्रंक कॉल म्हणजे काय हे सांगावं लागतं. परगावी बोलायचं तर आधी कॉल नोंदवायचा, मग तासन्‌तास वाट बघायची, मग कानाला हेडफोन लावलेली वहिनीसारखी कुणीतरी इकडची वायर तिकडे खुपसायची आणि तीन मिनिटं झाली की "वाढवायचं का?" म्हणून मध्ये तोंड घालायची. ऐंशीच्या दशकातली बरीच वर्षं वहिनी दिल्लीच्या लाइनवर होती. पलीकडच्या टोकाला बहुतेक वेळा एकच बाई असायची. लाइनवर खासगी बोलायला बंदी होती, सुपरवायझर कधी कान लावेल याचा नेम नसे, आणि नावं तर कुणीच सांगत नसे. म्हणून ही "बॉम्बे" आणि ती "दिल्ली". एक कॉल संपून दुसरा लागेपर्यंतच्या फटीत दोघी एखादं वाक्य सरकवायच्या, आणि असं वाक्यावाक्याने वहिनीला दिल्लीच्या सासूचा संधिवात आणि दिल्लीला आमच्या आईचा तापट स्वभाव तोंडपाठ झाला होता. चेहरा मात्र दोघींनी एकमेकींचा पाहिला नव्हता.

मग घरोघरी थेट नंबर फिरवायची सोय होऊ लागली आणि वहिनीचं काम आटलं. नवीन वर्षात तिची बदली दुसऱ्या विभागात होणार असं कळलं. त्या संध्याकाळी ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "विजू, लाइन गेली की दिल्ली गेली. तिच्या घरी फोन नाही, आपल्याकडे नाही. आता नाही भेटले तर कधीच नाही गं." दुनियेचे फोन जोडणाऱ्या दोघींच्या घरी फोन नव्हता, त्या काळी यात कुणाला नवलही वाटलं नाही.

घरातल्या कुणीही तोवर दिल्ली बघितलेली नव्हती. दादाने एका टूरवाल्याचं पत्रक आणलं होतं. एका दिवसात लाल किल्ला, कुतुबमिनार, राजघाट, हुमायूनची कबर, बिर्ला मंदिर, शिवाय खरेदी. वहिनीने ते वाचून बाजूला ठेवलं. तिचा बेत वेगळाच शिजत होता आणि तो शिजवत होती दिल्ली. "जामा मशीद सकाळी बघा, ऊन आत येतं तेव्हा." "परांठे खाऊन मगच किल्ला बघायचा, उपाशीपोटी इतिहास समजत नाही." "स्वेटर नको, रजाई आणा." अशी एकेक सूचना घेऊन ती रोज घरी यायची. आमच्या बिल्डिंगीत रजाई कुणाकडे असणार? डांबरगोळ्यांत झोपलेले सगळ्या मजल्यांवरचे स्वेटर तेवढे गोळा झाले, आणि ते अंगावर चढवून बघताना आम्ही घामाघूम झालो.

दादा चिडला. "बाई कोण, कुठली, नाव माहीत नाही. आवाजाच्या भरवशावर दिल्लीला जायचं?"

"अहो, तोच तर माझा धंदा आहे," वहिनी म्हणाली. "खोटं बोलणारा माणूस मला पहिल्या हॅलोत कळतो. नाव काय, कुणीही ठेवतं."

शेवटी तडजोड झाली. धर्मशाळेत खोली घ्यायची, दिल्लीने स्टेशनवर यायचं, आणि ती आली नाही तर विषय संपला, टूरची बस पकडायची. लाइनवरच्या शेवटच्या दिवसांत वहिनीने गाडी आणि तारीख तुकड्यातुकड्यांनी पलीकडे पोहोचवली. कपड्यांचा रंग सांगायच्या आत सुपरवायझर लाइनवर आला, तो भाग राहूनच गेला.

नवी दिल्ली स्टेशनवर उतरलो तेव्हा धुकं इतकं होतं की हमालसुद्धा अर्धेच दिसत होते. प्लॅटफॉर्म रिकामा होत आला. दादाने घड्याळ बघितलं, मग पुन्हा बघितलं. वहिनीचं तोंड एवढंसं झालं होतं. मला वाटलं, आता ही रडणार. तर बाई सरळ बिस्तऱ्यावर चढून उभी राहिली आणि ड्युटीवरच्या खणखणीत आवाजात ओरडली, "हॅलो दिल्ली! बॉम्बे बोल रही हूँ! हॅलो दिल्ली!"

दादा दुसऱ्याच कुटुंबातला असल्यासारखा दोन पावलं सरकला. हमाल हसले. आणि धुक्यातून, चहाच्या टपरीच्या बाजूने, उत्तर आलं, "हाँ बॉम्बे, बोलो! आवाज साफ है!"

आली ती एक बुटकी, गोल, वहिनीहून बरीच मोठी बाई. अंगात पुरुषी कोट, हातात परांठ्यांचा डबा. वहिनीच्या मनातली दिल्ली उंच, सडसडीत होती, आणि दिल्लीच्या मनातली बॉम्बे जाडजूड! दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या आणि चक्क लाजल्या. इतक्या वर्षांच्या गप्पा, पण समोरासमोर एक शब्द फुटेना. बाहेर टांगा केला. दिल्ली पुढे टांगेवाल्याशेजारी, वहिनी मागे, पाठीला पाठ. घोडा चालायला लागला, दोघींना एकमेकींचे चेहरे दिसेनासे झाले आणि... जी लाइन लागली म्हणता! लाल किल्ला आला नि गेला, दोघींनीही मान वळवली नाही. दादा तेवढा मन लावून इतिहास बघत होता. संध्याकाळी मला हळूच म्हणाला, "शैलाचं बरोबर होतं गं." दादाच्या तोंडून हे मी आयुष्यात एकदाच ऐकलं. परतीच्या प्रवासात त्याने टूरचं ते पत्रक परांठे गुंडाळायला दिलं.

पुढे दोन्ही घरी फोन आले. दोघींना एकमेकींची नावं केव्हाच कळली होती, तरी ती कधी वापरली गेली नाहीत. म्हणून मीही इथे लिहीत नाही. दर रविवारी दुपारी वहिनी खिडकीजवळच्या खुर्चीत बसून दिल्लीचा नंबर फिरवायची. माणसावर आधी विश्वास टाकायचा आणि चौकशा मागाहून करायच्या, ही रीत मी तिच्याकडून शिकले. तिच्याइतकी मात्र मला कधी जमली नाही.

मागच्या रविवारी मी घाटकोपरला तिच्या साड्या आवरत होते. दिल्लीला कळवायचं राहून गेलं होतं. वहिनी कुठलाच नंबर लिहून ठेवायची नाही, सगळे डोक्यात, आणि ते तिच्याबरोबर गेले. दुपारी तो जुना फोन वाजला. मी त्याच खुर्चीत बसून उचलला.

"हॅलो, बॉम्बे? कितने हफ़्ते हो गए, फ़ोन नहीं किया..." आवाज थकला होता, तरी ओळखू आला.

मी सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. मग त्या म्हणाल्या, "तो अब... बॉम्बे में कौन है?"

मी पदराने डोळे पुसले आणि खुर्चीत नीट सरसावून बसले.

"मैं हूँ, विजू. बोलो, दिल्ली."