परत न आणलेले पैसे

कळव्याच्या गावठाणात राहणाऱ्या गोपीनाथांचा विश्वास फक्त दोघांवर होता. एक, देव्हाऱ्यातल्या खंडोबाच्या टाकावर, आणि दुसरा स्वतःच्या डोळ्यांवर. त्यातही मोतीबिंदू झाल्यापासून डोळ्यांवर जरा कमीच. दूधवाला माप मारतो, रिक्षाचा मीटर पळतो, सून भाजीत किती तेल ओतते ते मुद्दाम सांगत नाही, अशी त्यांची पक्की खात्री. त्यांचा बाप खाडीकाठच्या मिठागरात राबला आणि मुकादमानं मिठाच्या टोपल्या मोजताना त्याला जन्मभर गंडवलं. तेव्हापासून संशय हा या घराचा वारसाच म्हणायचा. पुढे मिठागर बंद पडलं, भातशेती बिल्डरला गेली, तिथं टॉवर उभे राहिले, वारसा मात्र तसाच राहिला.

अशा माणसाचा पैसा बँकेत पडून होता. त्यावर गोपीनाथांनी स्वतःपुरता उपाय काढला होता. दर महिन्याला ते शाखेत जात, स्लिप भरून पन्नास हजार रोख काढत, घरी आणून टाकापुढे ठेवत, हळद वाहत, आणि दुसऱ्या दिवशी तेच पुडकं पुन्हा खात्यात भरून येत. पैसे खरोखर आहेत की पासबुकात नुसते आकडे आहेत, याची ही परीक्षा. नोटांना हळद लागलेली असायची, त्यामुळे कॅशियरला गोपीनाथ येऊन गेल्याचं वेगळं सांगावं लागत नसे. बँकेतली पोरं पाठीमागे हसत.

हसणाऱ्यांनी खुशाल हसावं. गोपीनाथांची बायको इस्पितळात होती तेव्हा त्यांची सगळी ठेव एका पतपेढीत होती, आणि नेमका तेव्हाच पेढीच्या दारावर कागद चिकटला: माणशी हजार रुपये मिळतील, जास्त मागू नयेत. स्वतःचा पैसा असताना त्यांनी भावकीपुढे हात पसरले. बायको गेली, मागून पेढीही गेली. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. गोपीनाथ पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागले.

एका सकाळी त्यांच्या साध्या बटणांच्या फोनवर अनोळखी नंबर आला. ते असले फोन उचलत नसत, पण हा तीनदा वाजला. पलीकडं मोहने गावात दिलेली धाकटी बहीण आवडाबाई होती, शेजारणीच्या फोनवरून बोलत होती. नवरा गेल्यापासून तिचं पेन्शन तिच्या खात्यात यायचं, पण खात्याला फोन जोडलेला तिच्या मुलाचा, विकीचा. पैसे आल्याचा मेसेज त्याला, काढायची सोयही त्यालाच. औषधाला पन्नास रुपये हवे असले तरी म्हातारीनं कशाला ते सांगायचं, आणि विकीला पटलं तर मिळायचे. तिला आता वेगळी खोली बघायची होती. डिपॉझिट रोख द्यायचं होतं, कारण खात्यात टाकलेला रुपया विकीला आधी दिसला असता. तिनं बजावून सांगितलं, कुणाला बोलू नको, सुदेशला तर मुळीच नको. सुदेश हा गोपीनाथांचा मुलगा. आते-मामेभावांची संध्याकाळची बैठक एकत्र असे.

गोपीनाथ हो म्हणाले, आणि फोन ठेवून ओट्यावर येऊन बसले. त्यांना रजिस्ट्रारच्या कचेरीतला दिवस आठवत होता. जमीन बिल्डरला द्यायच्या आधी बहिणीचं हक्कसोडपत्र लागत होतं. गावात सगळ्याच बहिणी सोडतात, तशी रीतच आहे, असं म्हणून त्यांनी तिला आणलं. कागद कसला हे तिनं विचारलंही नाही. "दादूस, सई कुठं करायची?" एवढंच विचारलं, आणि बोट दाखवलं तिथं केली. मग तिला भारी लुगडं नेसवून, कोंबडीचं जेवण घालून पाठवली. तेव्हा गोपीनाथांना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. आता वाटत होतं. त्यांनी ठरवलं, डिपॉझिटपुरते नाही, तीन लाख द्यायचे.

बँकेत नव्या अधिकारी आल्या होत्या, समीक्षा मॅडम. त्यांनी स्लिप पाहिली आणि नम्रपणे सांगितलं की एवढी रोख आधी कळवल्याशिवाय मिळत नाही, आज फार तर एक लाख देता येतील, आणि तेही कशासाठी हवेत ते सांगावं लागेल. गोपीनाथांच्या डोळ्यांपुढे पेढीच्या दारावरचा कागद उभा राहिला. माझा पैसा, मला पाहिजे तेव्हा काढीन, तुम्ही कोण विचारणार, असं ते म्हणाले. आणि मागं वळून बाकावरच्या लोकांना मोठ्यानं ऐकवलं की बँकेत पैसा शिल्लक दिसत नाही, आपापलं बघा. दोन बायकांनी लगेच स्लिपा मागितल्या. मॅडमनी घाईघाईनं गोपीनाथांना केबिनमध्ये नेलं, पाणी दिलं.

केबिनच्या भिंतीवर पोलिसाच्या वेशातल्या भामट्याचं चित्र होतं. म्हाताऱ्या माणसांना फोनवर धमकावून लुबाडतात, सावध राहा, असं खाली छापलं होतं. मॅडमनी हळूच विचारायला सुरुवात केली. कुणाचा फोन आला होता का? आला होता. अनोळखी नंबरवरून? हो. कुणाला सांगू नका म्हणाले? हो. घरच्यांनाही नको? हो. आणि पैसे रोखच पाहिजेत? बँक आपले फोन चोरून ऐकते, याबद्दल गोपीनाथांना आता काडीचाही संशय उरला नाही. इकडं मॅडमचीही खात्री पटली की म्हातारा पुरता जाळ्यात सापडलाय.

"काका, आमची पोरं सांगतात, तुम्ही दर वेळी पैसे परत आणता. हे कधी आणणार?"

"या टायमाला परत नाय आनायचं."

मॅडम बाहेर गेल्या आणि त्यांनी खात्याला जोडलेला नंबर फिरवला. तो सुदेशचा होता. गोपीनाथांनीच कधीतरी लिहून दिला होता, बटणाच्या फोनवर बँकेचे मेसेज वाचता येत नाहीत म्हणून. आवडाबाईचं खातं विकीच्या मुठीत होतं, आणि आपलंही तसंच आहे, हे त्यांना सुदेश केबिनमध्ये शिरला तेव्हा कळलं. त्यांना मॅडमचा राग आला, पोराचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला.

सुदेशनं दार लावलं. आधी पोलिसांचं नाव घेऊन कुणी घाबरवलंय का ते विचारलं, मग खुर्ची जवळ ओढून आवाज खाली केला.

"बाबा, खरं सांगा. कोणी बाई आहे का?"

"बाईच हाये," गोपीनाथ म्हणाले. "तुजी आत्या."

सुदेशनं खुर्ची मागं सरकवली. मॅडम अवघडून म्हणाल्या, की काका, पैसे तुमचेच आहेत, आम्ही फक्त काळजीपोटी विचारतो.

"माजं नायत," गोपीनाथ म्हणाले. "माजं असतं त कवाच सांगितलं असतं. ती जमीन तिची बी होती."

आत्यानं तर सही दिली होती ना, असं सुदेश पुटपुटला. मॅडमनी कारणाच्या जागी स्वतःच्या हातानं 'बहिणीस' असं लिहिलं, एक लाख दिले आणि उरलेल्यासाठी पुढच्या आठवड्याची तारीख दिली. गोपीनाथांनी नोटा उजेडात धरून पाहिल्या, मग सुदेशपुढं हात केला आणि त्याचा फोन मागितला. पोरगा विकीला कळवणार नाही याची काय खात्री? तो फोन स्वतःच्या बंडीत घालून त्यांनी त्याला गाडी मोहन्याकडे घ्यायला लावली. वाटभर सुदेश आरशातून बापाला बघत होता आणि बाप त्याला.

विकी कामावर गेला होता. आवडाबाई शेजारणीच्या पायरीवर सुकट निवडत बसली होती. गाडीतून सुदेश उतरलेला पाहून तिचा चेहरा पडला. गोपीनाथांनी पुडकं तिच्यापुढं धरलं. आणखी दोन लाख पुढच्या आठवड्यात आणतो, हे तुझंच आहे, माझ्याकडं राहिलं होतं, असं ते म्हणाले.

तिनं नोटांना हात लावला नाही. पदराला हात पुसले, एकदा भावाकडं आणि एकदा भाच्याकडं नीट पाहिलं, आणि कमरेच्या पिशवीतून चष्मा काढून डोळ्यांना लावला.

"दादूस, सई कुठं करायची?"

"कुठंच नाय गं," गोपीनाथ म्हणाले.

तिला ते खरं वाटलं नाही. ती तशीच उभी राहिली, कागदाची वाट बघत.