दुसऱ्याची तक्रार, आपल्या तोंडाने

माझी लेक माझ्याशी पुन्हा बोलायला लागली ती एका खासदार बाईंमुळे. काय झालं ते मागून सांगते, आधी त्या बाईंचं सांगते. बुटक्या, पिकल्या केसांच्या, पायात कापडी बूट आणि काखेत कायम एक थर्मास. त्यांचा देश कुठला ते मी इथे लिहीत नाही, त्यांना आवडेल न आवडेल. त्या तिथल्या डोंगराकडच्या. आम्ही एकदाच भेटलो, तेही एका दुपारपुरतं. त्यांची भाषा मला येत नाही, माझी त्यांना येत नाही. मधे ताई होत्या म्हणून बोलणं झालं.

ताई म्हणजे माझ्या मालकीणबाई. मूळच्या पुण्याच्या, आता सिंगापूरच्याच झालेल्या. बिशानला त्यांच्या फ्लॅटमध्ये मी घरकामाला होते. स्वयंपाक, साफसफाई आणि त्यांच्या धाकट्या मुलीला सांभाळणं. मी सातवीतून शाळा सोडलेली, त्यामुळे पहिली दोन वर्षं मला सगळ्याचीच धास्ती. लिफ्टमध्ये अडकेन का, वर्क परमिटचं कार्ड हरवेल का, गॅसवरून काही उतू गेलं तर परत पाठवतील का. ताई म्हणायच्या, "अगं, श्वास घे आधी." माझं लग्न झालं, मुलगी झाली, ती तीन वर्षांची असताना तिचे वडील गेले. मुलगी फलटणजवळ आमच्या गावी, माझ्या आईपाशी.

ताईंचं काम मला बरेच दिवस कळलंच नव्हतं. एकदा भाजी निवडताना मी विचारलं, तेव्हा त्यांनी शेंगा सोलत सोलत सांगितलं. त्या देशात डोंगराकडचे आणि मैदानाकडचे बरीच वर्षं एकमेकांशी लढले. मग थकून करार केला. कराराची पहिली बोलणी सिंगापूरला झाली, कारण दोघांनाही दुसऱ्याच्या गावात जायचं नव्हतं. आता करार पाळला जातोय की नाही हे बघायला त्यांच्या संसदेची एक समिती आहे, दोन्हीकडचे खासदार मिळून. दरवर्षी कराराचं एकेक कलम घ्यायचं, झालं, अर्धं झालं, नाही झालं असं ठरवायचं आणि संसदेला अहवाल द्यायचा. वर्षातली पहिली बैठक अजूनही इथेच होते. तिचे कागद तयार करणं हे ताईंच्या ऑफिसचं काम.

"म्हणजे आठवडाभर भांडणच की," मी म्हटलं.

"होतं ना भांडण. पण आधी वाचन होतं."

"कसलं वाचन?"

मग त्यांनी ती रीत सांगितली. वर्षभर दोन्हीकडच्या लोकांच्या तक्रारी येतात. बैठकीच्या पहिल्या दिवशी त्या मोठ्याने वाचायच्या, पण आपल्या माणसांच्या आपण नाही वाचायच्या. डोंगराकडच्यांची तक्रार मैदानाकडच्या खासदाराने वाचायची, मैदानाकडच्यांची डोंगराकडच्याने. आणि वाचायची ती 'माझं', 'मला' असं म्हणून, जसं काही आपल्यावरच गुदरलंय. त्यांच्या भाषा वेगवेगळ्या, म्हणून सोप्या इंग्रजीत. वाचून झाल्यावर 'पण' म्हणून काही जोडायचं नाही. खाली बसायचं.

"'पण' नाही म्हणायचं?" मला हसूच आलं. "आमच्या गावात तर 'पण'शिवाय कुणाचं तोंड उघडत नाही, ताई."

"म्हणून तर तुमच्या गावात समिती नाही," ताई म्हणाल्या.

त्या वर्षी बैठकीच्या आदल्या रविवारी समितीचे दोघे प्रमुख घरी जेवायला आले. एक त्या बाई, दुसरे मैदानाकडचे एक उंच गृहस्थ, रविवार असूनही टाय लावलेले. वाचनाची तालीम करायची होती आणि हॉटेलात दोन्हीकडच्या लोकांचे कान असतात, म्हणून ताईंच्या हॉलमध्ये बसले. मी स्वयंपाकघरात थालीपीठं लावत होते. सेरंगूनच्या देशी दुकानातून मुद्दाम भाजणी आणली होती. जास्त तिखट झाली का या काळजीत मी तीनदा चव बघितलेली.

गृहस्थ वाचायला लागले. हळू, एकेक शब्द. ताईंनी वाक्यं इतकी सोपी केली होती की मलाही कळत होतं.

"माझं घर जाळलं. करारात लिहिलंय, घर परत बांधून देऊ. अजून कोणी आलं नाही. माझं अंथरूण बहिणीच्या पडवीत आहे. रोज सकाळी तिची सून ते गोळा करून दारामागे ठेवते. ती काही बोलत नाही. मला त्याचंच वाईट वाटतं."

मला ती रीत माहीत होती. ताईंनी सगळं समजावून सांगितलं होतं. पण त्या सुनेचं ऐकलं आणि माझ्या डोक्यातून रीतबीत सगळी निघून गेली. एवढा मोठा माणूस, टाय लावलेला, आणि बहिणीच्या पडवीत झोपतो! मी तव्यावरचं थालीपीठ उचललं, त्यावर लोण्याचा हा एवढा गोळा घातला, बाहेर गेले आणि त्यांच्यापुढे ताट ठेवून माझ्या इंग्रजीत म्हटलं, "सर, सॉरी युवर हाउस. यू ईट फर्स्ट. सिस्टर नो गुड."

ताईंनी कपाळाला हात लावला. "अगं, ते त्यांचं नाही! त्यांच्या माणसांनी ज्यांचं घर जाळलं, त्यांचं आहे ते!"

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आता माझं तिकीट काढणार, एवढंच डोक्यात. तेवढ्यात त्या बाई हसायला लागल्या. अंग गदगदा हलवून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. ताईंनी मला त्यांचं बोलणं सांगितलं: "त्या म्हणतायत, आम्ही दोघं इतकी वर्षं वाचतोय, पण खरं वाटलं असं आज पहिल्यांदा झालं."

गृहस्थ मात्र हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला, थालीपीठाकडे बघितलं, ताईंना काहीतरी म्हणाले आणि कागद उचलून पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला लागले. ताई म्हणाल्या, "लोणी थोडं थांबवायला सांगतायत. आधी नीट वाचतो म्हणतात."

जेवणं झाल्यावर टायवाले गृहस्थ खाली फिरायला गेले. मी भांडी घासत होते. दर रविवारी त्याच वेळी मी आईला फोन करायचे. ओट्यावर फोन उभा करून, स्पीकर लावून.

आईचा आवाज आला, "ती न्हाई येत गं फोनवर. अभ्यास हाय म्हणती."

"रविवारचा?"

"आता काय सांगू. तू फोन केलास की उठून शेजारी जाती."

चार महिने असंच चाललं होतं. ताईंकडचं माझं दोन वर्षांचं कंत्राट संपलं की मी कायमची परत येणार असं लेकीला सांगितलं होतं. मग मी ते वाढवलं. मी फोनवर कारणं सांगितली, सगळी खरी होती. त्या दिवसापासून तिने बोलणं टाकलं. तेरा वर्षांची मुलगी. मी तिच्यासाठीच इथे राबत होते आणि तिच्या आवाजाला पारखी झाले होते. रात्री उशीत तोंड घालून विचार करायचे, हिने कायमचंच बोलणं टाकलं तर?

फोन ठेवला आणि वळले तर बाई दारात, हातात आपलं रिकामं ताट. त्यांना शब्द कळले नसणार, पण माझा चेहरा कळला. त्यांनी ताईंना हाक मारली. ताईंनी त्यांना सगळं सांगितलं. मी मान खाली घालून तेच पातेलं परत परत घासत राहिले.

"त्या विचारतायत, मुलीची तक्रार काय आहे?"

"मी गेले नाही, हीच की."

ताईंनी ते सांगितलं. बाईंनी जोरात मान हलवली.

"त्या म्हणतात, ती तुमची समजूत झाली. तक्रार आपण बनवायची नसते, ज्याची त्याच्याकडून आणायची असते. आधी आणा. मग तिच्यासमोर वाचा, तिच्या जागी बसून. आणि शेवटी..."

"'पण' म्हणायचं नाही," मी म्हटलं.

ताईंनी हे सांगताच बाईंनी माझ्या ओल्या हातावर आपला हात ठेवला. मग बराच वेळ त्या स्वतःचंच बोलत राहिल्या. ताई सांगताना मधेमधे थांबत होत्या. बाईंचा मुलगा करारावर नाराज आहे. आईने सही करून आपल्या माणसांना विकलं असं त्याला वाटतं. तो त्यांच्यासमोर बसत नाही. "त्या म्हणतायत, मी किती अनोळखी लोकांच्या तक्रारी वाचल्या. त्याची तर मला तोंडपाठ आहे. पण ऐकायला तो बसत नाही. तुमची मुलगी अजून शेजारीच जाते. शेजार काही लांब नसतो."

जाताना त्यांनी थर्मासमधला त्यांच्याकडचा कडू चहा मला प्यायला दिला. तो मी कसा प्यायले ते माझं मला माहीत.

बुधवारी मी आईला नेहमीची वेळ नसताना फोन केला आणि काम सांगितलं. लेकीला विचार, आईबद्दल तुझं काय म्हणणं आहे. समजूत घालू नकोस, नुसतं ऐक.

"मी काय पोलीस हाय व्हय जबान्या घ्यायला?" आई म्हणाली. पण तिने विचारलं. शुक्रवारी तिचाच फोन आला आणि ती लेकीचं एकेक म्हणणं सांगत गेली. मी ताईंच्या धाकटीचे केस विंचरत होते, फणी तिच्या केसांतच राहिली.

"आंटी, व्हाय यू क्राइंग? आय लेट फॉर स्कूल ला!" धाकटी तिकडच्या मुलांसारखं 'ला' लावून म्हणाली.

रविवारी मी ताईंना सांगून खाली ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत गेले. तिथे दगडी टेबलं आहेत, म्हातारी माणसं पटाचा खेळ खेळत बसतात. त्यांच्यापासून लांबचं टेबल धरलं. आईला सांगितलं, फोन तिच्याजवळ ठेव आणि तिला सांग, बोलू नको, फक्त उठू नको.

आणि मी सुरू केलं.

"मी तेरा वर्षांची आहे. माझी आई सिंगापूरला असते. ती रोज सकाळी दुसऱ्याच मुलीची वेणी घालते. व्हिडिओवर मी बघितलं, ती तिला बाळा म्हणते. मला बाळा म्हणायची ते मला आठवत नाही, आजी सांगते. मला पाळी आली तेव्हा मी आजीला सांगितलं नाही, शेजारच्या काकूंना सांगितलं. आईने दर वेळी विचारलं, जेवलीस का. मी हो म्हटलं की तिचं काम झालं. तिने येते म्हणून सांगितलं होतं. मी तिच्यासाठी गॅदरिंगला पुढच्या रांगेत जागा धरली होती. माझ्या मैत्रिणी विचारत होत्या, कुणाची गं जागा."

माझ्या तोंडात 'पण' आलाच होता. पण बाळा, तुझ्याच शाळेसाठी. पण मी तरी काय करू. दातांमागे अगदी तयार उभा होता. मी पदर तोंडात धरला आणि गप्प बसले.

पलीकडे गावातला कुठला तरी लाउडस्पीकर. आईचं खाकरणं. मला वाटलं, गेली उठून.

मग आवाज आला. बदललेला, थोडा जाडा झालेला. एवढ्या महिन्यांत तो बदलला होता आणि मला कळलंही नव्हतं.

"गॅदरिंगला नाही. विज्ञान प्रदर्शनाला."

"काय?"

"जागा विज्ञान प्रदर्शनाला धरली होती. आजीला सगळं गॅदरिंगच वाटतं."

"आता मला गं काय कळतंय!" मागून आई.

"बरं," मी म्हटलं. "दुरुस्ती करते. विज्ञान प्रदर्शनाला."

"आणि पुढच्या रांगेत नाही. माझ्या टेबलाच्या बाजूला. मी पवनचक्की केली होती, ती फिरवून दाखवायची होती."

"पवनचक्की."

"हां." मग ती म्हणाली, "आता परत वाच. पहिल्यापासून."

मी पहिल्यापासून वाचलं. आमच्याकडे कागद नव्हता, तरी आम्ही वाचणंच म्हणतो त्याला. दुसऱ्या वेळी मला एवढं रडू नाही आलं. संपल्यावर ती म्हणाली, "तुझी पण आहे का तक्रार?"

"आहे."

"मग आजीला सांग. पुढच्या रविवारी बघते."

तिने खरंच वाचली. माझ्या जागी बसून, नाकात बोलत, माझी नक्कल करत. "मी सिंगापूरला असते. मला लिफ्टची भीती वाटते." आई आणि मी फोनच्या दोन टोकांना हसून बेजार. मधेच तिलाही हसू फुटलं, मग शेवटचं वाक्य तिने नक्कल न करता वाचलं. ते वाक्य मी इथे लिहीत नाही, ते आमचं आहे.

त्यानंतर आमची भांडणं थांबली असं नाही. उलट वाढली, कारण आता ती फोनवर असते. पुढचं कंत्राट मी वाढवलं नाही, गावी परत आले, पण ते आणखी दोन वर्षांनी.

बाई त्याच शनिवारी विमानाने गेल्या होत्या, आम्ही वाचलं त्याच्या आदल्या दिवशी. ताईंनी त्यांना ईमेलने कळवलं, मुलगी बोलली म्हणून. त्यांचं एकाच ओळीचं उत्तर आलं: "तिने दुरुस्ती केली का?" ताईंनी 'हो' लिहिलं. त्यावर आलं, "मग ती ऐकत होती."

पुढच्या वर्षी समितीत डोंगराकडून दुसरेच कोणी आले. बाई निवडणुकीला उभ्या राहिल्या नव्हत्या. टायवाले गृहस्थ आले होते. त्यांनी थालीपीठ मागून घेतलं आणि ताईंना सांगितलं की बाई आपल्या गावी आहेत, तब्येत बरी आहे. मुलाचं मी विचारलं. त्यांनी नुसते हात पसरले.

म्हणून बाई, तुम्हाला हे कुणी वाचून दाखवलं तर ऐका. तुमच्या मुलाची तक्रार तुम्हाला पाठ आहे. तुमची मात्र त्याच्यासमोर अजून कुणी वाचलेली नाही. माझी लेक आता कॉलेजात आहे, मी घरीच असते, आणि लिफ्टची भीतीही गेली. एक दिवस मी तुमच्या डोंगरावर येईन. तुमची तक्रार आधी तुमच्याकडून घेईन, मनाने बनवणार नाही. मग तुमच्या मुलाच्या पडवीत बसेन आणि तुमच्या जागी बसून ती वाचेन, भाषेचं काय करायचं ते तेव्हा बघू. तो उठून शेजारी गेला तर शेजारी जाऊन वाचेन. आणि वाचून झालं की गप्प बसेन.