पत्रूभाऊने बुडवलेली म्हातारी

पत्रूभाऊइतका गरीब स्वभावाचा माणूस मी पाहिला नाही, आणि त्याच्याइतके खून केलेलाही नाही. दिवसा तो वैनगंगेच्या घाटावर डोंगा चालवायचा आणि दिवाळीपासून होळीपर्यंत झाडीपट्टीतल्या नाटकांत खलनायक व्हायचा. जातीने ढिवर, म्हणजे नदीवरच पोट भरणारा, अंगाने काटकुळा, डोक्याला कायम मळका दुपट्टा. या रूपाला कोणी खलनायक केला नसता, पण त्याचा आवाज! जन्मभर या काठावरून त्या काठाला हाका मारून मारून तो असा कमावला होता की घरात त्याने बायकोला "मीठ दे वं" म्हटलं तरी शेजारच्या गोठ्यातल्या म्हशी उठून उभ्या राहायच्या.

आमचा टोला, म्हणजे छोटीशी वस्ती, गडचिरोलीच्या बाजूला आणि शाळा नदीपलीकडे, चंद्रपूरच्या बाजूला. आधी सगळा एकच जिल्हा होता. ब्याऐंशी साली तो वेगळा झाला, तेव्हा मी पहिलीत होते. जिल्हा नदीच्या मधून तुटला असं मोठ्यांच्या तोंडून ऐकलं आणि आम्ही पोट्टे रोज डोंग्यातून वाकून वाकून ती तुटलेली जागा शोधायला लागलो. पत्रूभाऊने आम्हाला एकदाही वेड्यात काढलं नाही. अर्ध्या नदीत आला की वल्हं थांबवायचा आणि गंभीरपणे सांगायचा, "हं, पाय वरते घ्या रे, जिल्हा आला." आम्ही सगळे पाय वर घ्यायचो. एकदा पलीकडच्या गावचे पाटीलही डोंग्यात होते, त्यांनीही घेतले.

डोंग्यात 'जातो' म्हणायची बंदी होती. तसं आपल्याकडे घरातून निघतानाही कोणी 'जातो' म्हणत नाही, 'येतो'च म्हणतात, पण पत्रूभाऊच्या डोंग्यात हा कायदाच होता. एका बांगड्यावाल्याने चढता चढता "जातो आता चिमूरले" म्हटलं, तर पत्रूभाऊने त्याला उतरवून, पुन्हा "येतो" म्हणायला लावून मगच चढवलं. त्यामुळे आमची पक्की समजूत अशी होती की डोंगा वल्ह्याने नाही, बोलण्याने चालतो. आणि गुरुजींना संध्याकाळी शाळेतच कुलूप लावून ठेवतात, हीसुद्धा आमची समजूत होती. सकाळी आम्ही पोचायच्या आत ते वर्गात असायचे, मग दुसरं काय समजायचं?

लहान मुलांच्या अशा समजुतींना मोठी माणसं फिदीफिदी हसतात. मला त्या हसण्याचा राग येतो. लेकरं काही आकाशातून पाडून आणत नाहीत, मोठ्यांनीच जे अर्धवट सांगितलेलं असतं त्याला ती बिचारी आपल्या अकलेने ठिगळ लावतात. ठिगळ चांगलं बसतं, कापडच फाटकं असतं.

तर मी चौथीत होते त्या साली पौषात आमच्या टोल्यात मंडई, म्हणजे जत्रा, भरली आणि रात्री नाटक झालं. नाटकाचं नाव आता आठवत नाही, पण त्यात 'रक्त' आणि 'कुंकू' हे दोन्ही शब्द होते, ते असल्याशिवाय झाडीत तिकीट खपत नसे. पत्रूभाऊ सावकाराचा मुनीम झाला होता, आणि आमचा शिंपी बापूराव मिशा काढून नायकाची म्हातारी आई झाला होता. तिसऱ्या अंकात मुनीम म्हाताऱ्या आईला नावेतून नेतो आणि भर नदीत ढकलून देतो. नदी म्हणजे बापूरावच्या बायकोचं निळं लुगडं. दोघे जण दोन टोकांना धरून ते हलवत होते. बापूराव "बाळा!" अशी किंकाळी फोडून त्या लुगड्यात पडला आणि मंचाखाली नाहीसा झाला. पत्रूभाऊ असा हसला, असा हसला, की बाया त्याला बोटं मोडून शिव्या देऊ लागल्या. खलनायकाला शिव्या पडल्या म्हणजे नाटक पडलं नाही असं आमच्याकडे समजतात. पत्रूभाऊ त्या रात्री फार खुशीत झोपला.

सकाळी घाटावर डोंगा रिकामाच राहिला.

आम्ही चौथीतले एकदोघे चढलो. (मीही आधी मंचाखाली डोकावून आले होते, हे सांगायला हरकत नाही.) पण लहान पोट्टे दप्तरं छातीशी धरून रेतीवरच उभे.

"चला ना रे, उशीर होऊन राह्यला," पत्रूभाऊ म्हणाला.

कोणी हललं नाही. शेवटी पोचूचा पोरगा नारायण म्हणाला, "तू बुडवतो."

"कोणाले बुडवलं बापा मी?"

"म्हातारीले!"

पत्रूभाऊ आधी हसला, आणि तिथेच चुकला. हसणं तेच होतं ना, रात्रीचं! पोरं ओरडत टोल्याकडे पळाली.

मग तो त्यांच्यामागे टोल्यात गेला आणि बापूरावला मशीनवरून उठवून पोरांसमोर आणला. "हा पाहा. जिता आहे का नाई? हाच म्हातारी होता."

सगळे पोट्टे बापूरावकडे पाहत राहिले. तेवढ्यात मागून एक बारीक आवाज आला, "हा त बापूराव आहे. म्हातारी कुठी आहे?"

ही ठमी. सहा वर्षांची, पहिलीतली. तिच्याबद्दल सांगितलं पाहिजे. तिची आई त्याच पावसाळ्यात गेली होती. हिवतापाने फणफणलेल्या बाईला भर पुरात पत्रूभाऊनेच डोंग्यातून पलीकडे दवाखान्यात नेलं होतं. ठमी घाटावर आत्याचं बोट धरून उभी होती. आई चढताना "येतो हां बाई" म्हणाली, सगळे म्हणतात तसंच. ती दवाखान्यात वारली. पूर इतका चढला की मयत इकडे आणता आलं नाही, तिकडच्याच घाटावर जाळावं लागलं. सोबत गेलेला बाप परत आला तो एकटाच, आणि थोड्या दिवसांनी बांबू कटाईला जंगलात निघून गेला. ठमीला आत्याने, अंजनाबाईने, सांभाळली. पोर विचारायची, "माय कधी येते?" अंजनाबाई म्हणायची, "येईल ना बाई, खा." खरं सांगायचा धीर टोल्यात कोणालाच झाला नाही. आम्हा पोरांनाही दटावून ठेवलं होतं.

म्हणजे ठमीचा हिशोब सरळ होता. पत्रूभाऊच्या डोंग्यात बसलेली आई आली नाही. पत्रूभाऊच्या नावेत बसलेली म्हातारीही आली नाही.

लहानांची शाळा बुडायला लागली. गुरुजींचा निरोप आला की असंच चाललं तर नावं कापीन. मोठ्यांनी पोरांना फोकाने झोडपून डोंग्यात कोंबायचं ठरवलं, तर पत्रूभाऊ आडवा आला. "मारून बसवलेलं लेकरू मी नाई नेत," तो म्हणाला. त्याला स्वतःचं मूल नव्हतं. सकाळी ती चिवचिवती पोरं नेणं आणि दुपारी आणणं, हाच त्याचा संसार होता असं त्याची बायको रुखमा म्हणायची, आणि त्या दिवसांत तो जेवायचाही नाही नीट. देसाईगंजच्या नाटक कंपनीने मुनिमाच्या कामासाठी बोलावणं पाठवलं होतं, तेही त्याने तसंच ठेवलं.

शेवटी त्याने बापूरावचे पाय धरले.

एका सकाळी पत्रूभाऊने पलीकडून हाक दिली. सगळा टोला घाटावर जमला. डोंग्यात मधोमध निळं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन म्हातारी बसलेली! बापूरावला भर उन्हात बाई होऊन बसायची एवढी लाज वाटत होती की पदर हनुवटीपर्यंत ओढला होता, आणि तेच बरं झालं, कारण मिशा परत फुटायला लागल्या होत्या. डोंगा टेकला. म्हातारी उतरली, खोकली, आणि नाटकातल्या आवाजात म्हणाली, "मी काई मेलो नाई लेकरांनो. पत्रूनंच मले काढलं." आणि लगालगा चालत बापूरावच्याच घरात शिरली. बाया तोंडात पदर कोंबून हसत होत्या.

पोरांनी जो जल्लोष केला! त्याच दिवशी सगळे डोंग्यात बसले. अर्ध्या नदीत सगळ्यांनी पाय वर घेतले. पत्रूभाऊ वल्हं मारता मारता स्वतःशीच गुणगुणत होता. जिंकला होता बिचारा.

पलीकडे सगळे उतरले, ठमी उतरली नाही.

"पत्रूबाबा," ती म्हणाली, "आता माह्या मायले आण."

मी तिची पाटी धरून उभी होते. पत्रूभाऊचं तोंड पाहिलं आणि मला एकदम कळलं की आपण सगळ्यांनी मिळून काय करून ठेवलंय. तो काहीतरी "हं... पाहू" असं पुटपुटला.

त्या दिवसापासून ठमी दुपारी घरी जाईना. घाटावर रेतीत बसून राहायची आणि प्रत्येक खेपेला डोंग्यातून उतरणारी माणसं न्याहाळायची. पदर घेतलेली कोणी बाई दिसली की उठून उभी राहायची. बाई पुढे निघून गेली की परत बसायची. रडायची नाही, हट्ट करायची नाही. नुसतं विचारायची, "नाई आली का आज?"

"आज नाई," पत्रूभाऊ सांगायचा.

हजार माणसांसमोर गळा काढून खून करणारा तो माणूस त्या एवढ्याशा पोरीसमोर मान वर करत नव्हता. रुखमा त्याला म्हणाली, "अंजनाबाईले सांगू द्या ना, तुमी काऊन जीव जाळून राह्यले?" तो म्हणाला, "आस मी लावली. म्याच तोडली पायजे."

शनिवारी सकाळची शाळा होती. आम्ही लवकर परतलो. बाकीची पोरं पळाली, ठमी नेहमीसारखी रेतीत बसली. मला तिला घरी न्यायला सांगितलं होतं, म्हणून मी थांबले. पत्रूभाऊने डोंगा बांधला, दुपट्टा सोडून तोंड पुसलं आणि तिच्यासमोर उकिडवा बसला.

"ठमे, आइक. ते म्हातारी बापूराव होता. लुगडं नेसून आला होता. नाटकातही तोच होता, त्या दिवशी डोंग्यातही तोच. म्हातारी कोणी नाईच आहे."

ठमीने विचारलं, "मंग तू कोणाले बुडवलं नाई?"

"नाई. ते नाटक होतं."

तिने बराच विचार केला. "आन माही माय?"

पत्रूभाऊचा आवाज पहिल्यांदा मला इतका हळू ऐकू आला. "ते नाटक नव्हतं, बाई. तुही माय मेली. दवाखान्यात मेली. ते आता येत नाई."

ठमीने हातातली पाटी त्याच्या छातीवर मारली. मग पुन्हा मारली. तो हलला नाही. मग ती रडली, मोठमोठ्याने, टोल्यातून बाया धावत येईपर्यंत रडली. अंजनाबाई पत्रूभाऊवर तुटून पडली, "एवढ्याशा लेकराले असं सांगतेत का वो?"  नाटकातल्यापेक्षा जास्त शिव्या त्याला त्या दुपारी पडल्या, आणि त्या ऐकताना मला त्या सगळ्या बायांचा राग येत होता.

सोमवारी पत्रूभाऊ घाटावर उभा होता. पोरं एकेक करून चढली. ठमी शेवटी आली, डोळे सुजलेले. तिने डोंग्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि कोणाची मदत न घेता चढून अगदी काठाशी, पाण्याला हात लागेल अशी बसली. पत्रूभाऊने डोंगा ढकलला. 

अर्ध्या नदीत तिनेच विचारलं, "माय इथून गेली होती?"

"हो. इथूनच."

"काई बोलली?"

पत्रूभाऊने वल्हं थांबवलं. नाटकात त्याची पानंच्या पानं भाषणं असायची, पण इथे त्याला एकच वाक्य सांगायचं होतं आणि ते त्याने जसं ऐकलं होतं तसंच सांगितलं.

"बोलली ना. म्हणे, पत्रूभाऊ, माही ठमी काठाले बसते. पाण्यात पडन. तिच्यावर ध्यान ठेवजो."

ठमीने पाण्यातला हात बाहेर काढला, झग्याला पुसला, आणि सरकत सरकत डोंग्याच्या मधोमध येऊन बसली.