परमुलखातलं रेडकू

आज सकाळी हट्टा गावातल्या आमच्या गोठ्यात म्हैस व्याली. ओल्या रेडकाचा उबट वास नाकात गेला आणि मी थेट फिलिपिन्सला पोचलो.

विशीत मी तिथं मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचा मिशनरी होतो. पांढरा सदरा, टाय आणि छातीवर नावाची पट्टी लावून टोंगा बेटांवरून आलेल्या माझ्या जोडीदार मिशनरीसोबत धर्म सांगत रोज दारोदार फिरायचं. तिथली भाषा मला मोडकीतोडकीच येई. दारं पटापट बंद व्हायची. एक म्हातारबा तर आम्हाला पाहिलं की अंगावर कुत्रं सोडायचे.

एका दुपारी त्यांच्याच घरामागून म्हशीचं कण्हणं ऐकू आलं. रेडकाचे नुसते पाय बाहेर आले होते आणि म्हातारबा घाबरून ते ओढत होते. मी टाय काढून फेकला आणि चिखलात बसलो. लहानपणी बाप मला सांगायचा, "काहून घाई करून राहिला? तिनं कळ दिली, तवाच ओढायचं."

मी तसंच केलं. "दे माय, दे जोर," मी म्हशीला मराठीतच सांगत होतो. अखेर रेडकू सळकन माझ्या मांडीवर आलं आणि शिंकलं.

म्हातारबांनी मला मिठीच मारली. "उद्या या," ते म्हणाले, "तुमचं ऐकतो मी."

धर्म त्यांनी काही बदलला नाही. तेव्हा वाटलं, एक दार उघडलं म्हणून मी जिंकलो. आता वाटतं, जीत त्याआधीच झाली होती. रेडकू लटपटत उभं राहिलं, आईला लुचायला लागलं आणि म्हातारबा, माझा जोडीदार आणि मी, आम्ही तिघं आपापल्या भाषेत आनंदानं ओरडत सुटलो.